रेंजची तपासणी भिंतीच्या मागून सुरू करा

शाळेच्या हॉलमध्ये आम्ही काढलेली नेमबाजीची रेंज तपासायला पीएसआय साहेब आले तेव्हा मी दारातच फाइल घेऊन उभा होतो. शाळेचा ठराव, पंचायतीचं पत्र, बंदुकांच्या पावत्या, सगळं क्रमानं लावलेलं. साहेबांनी फाइल हातात घेतलीच नाही. सरळ टार्गेटच्या भिंतीपर्यंत चालत गेले, भिंतीवर दोन थापा मारल्या आणि मला कन्नडात विचारलं, "गोडे हिंदे एनिदे?" भिंतीच्या मागे काय आहे?

मागे पाण्याचा नळ होता. सकाळी सात ते नऊ गल्लीतल्या बायका तिथं घागरी लावून उभ्या असायच्या, आणि त्याच वेळेला आमची पोरं आत नेम धरायची. भिंत चांगली नऊ इंची, विटांची. पण डाव्या हाताला वर एक जुनी खिडकी होती. काच फुटली म्हणून तिच्यावर प्लायवूड ठोकलेलं. ते प्लायवूड मी दोन महिने रोज बघत होतो. बेळगावात सैन्याच्या मराठा सेंटरच्या रेंजवर सतरा वर्षं काढलेला माणूस मी; चांदमारीला, म्हणजे गोळीबाराच्या सरावाला, बटच्या (टार्गेटमागच्या मातीच्या बांधाच्या) मागे काय आहे हे बघितल्याशिवाय आम्ही पहिला राउंड भरत नसू. हॉलच्या चार भिंती दिसल्या आणि मी निर्धास्त झालो. साहेबांनी आठ दिवस दिले. खिडकी विटांनी बुजवा, मग फायरिंग चालू करा, म्हणाले.

तेव्हापासून मी तपासणीची तयारी उलट्या बाजूनं करतो. आधी भिंतीच्या मागे जातो, मग टार्गेट, मग लेन (एका नेमबाजाचा टार्गेटपर्यंतचा पट्टा), मग फायरिंग लाइन (नेमबाज उभे राहतात ती रेघ), मग दार, आणि सगळ्यात शेवटी कागद. खालचं सगळं त्याच क्रमानं लिहितोय. खानापूर, निपाणी, चिकोडी आणि बेळगाव तालुक्यातून लोक येऊन विचारतात: शाळेच्या हॉलमध्ये रेंज काढू का, तालमीच्या माडीवर काढू का. २०२४ ला पॅरिसमध्ये स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर, झोपून आणि उभ्यानं) कांस्य आणलं, तेव्हापासून तर जास्तच. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा पोरगा, निपाणीकरांना तो घरचाच वाटतो. त्याच्या आधी कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतनं २०१० ला म्युनिकमध्ये जागतिक विजेतेपद घेतलं होतं. पोरांच्या मनात हे भरलंय ही फार चांगली गोष्ट आहे. म्हणूनच पोरांच्या डोळ्याला इजा होऊन एखादी रेंज बंद पडू नये, असं मला मनापासून वाटतं.

आधी ठरवा, बंदूक कुठली

तपासणीला कोण येणार आणि काय बघणार हे बंदुकीवर ठरतं. आपल्याकडे शस्त्र कायदा १९५९ चा आणि नियम २०१६ चे. त्या नियमांप्रमाणे बोअर (नळीचा आतला व्यास) ०.१७७ इंच, म्हणजे साडेचार मिलिमीटर, आणि नळीच्या तोंडाशी ऊर्जा २० ज्यूलपर्यंत असेल तर त्या एअर गनला परवाना लागत नाही. दहा मीटरच्या स्पर्धेची रायफल यात आरामात बसते. अर्ध्या ग्रॅमच्या आसपासची शिशाची गोळी सेकंदाला साधारण १७० मीटर वेगानं जाते, ऊर्जा भरते साडेसात-आठ ज्यूल. पण बाजारात ०.२२ बोअरच्या एअर रायफलीही मिळतात. दुकानदार म्हणतो, "एअर गनच आहे की हो, न्या बिनधास्त." नेऊ नका. बोअर मोठं झालं की परवान्याचा विषय आला. पावतीवर बोअर आणि ऊर्जा दोन्ही लिहून घ्या आणि ती पावती जपा. तपासणीत बंदुकीबद्दलचा पहिला प्रश्न त्याच्यावरच येतो.

परवाना लागत नाही म्हणजे कुणाला विचारायचं नाही, असा अर्थ काढू नका. शाळेच्या किंवा मंडळाच्या कमिटीचा ठराव, पंचायत असेल तर पीडीओंचं, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांचं, पत्र, आणि पोलीस ठाण्याला लेखी कळवणं, एवढं मी प्रत्येकाला करायला लावतो. राज्य रायफल असोसिएशनशी संलग्न व्हायचं असेल तर त्यांचा माणूसही जागा बघायला येतो. त्याचं बघणं पोलिसांपेक्षा वेगळं असतं: तो टेप काढतो, उजेड मोजायचं लक्स मीटर काढतो. यांची शिखर संघटना नॅशनल रायफल असोसिएशन १९५१ ला स्थापन झाली आणि तिचे पहिले अध्यक्ष आपले दादासाहेब मावळंकर, लोकसभेचे पहिले सभापती. त्यांच्या नावानं आजही स्पर्धा भरते. पोरांना हे सांगा, त्यांना बरं वाटतं.

०.२२ ची खरी, काडतुसाची रायफल किंवा पिस्तूल आणायचं असेल तर गोष्ट एकदम वेगळी. तिथं परवाना पाहिजे, पोलिसांचा अहवाल पाहिजे, जागेची पाहणी पाहिजे, आणि तो सगळा विषय डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसमधून जातो. बेळगाव शहरात पोलीस आयुक्तालय आहे, म्हणून शहरातल्या माणसानं अर्ज नेमका कुठल्या टेबलावर द्यायचा हे आधी विचारून मगच झेरॉक्स काढाव्यात. वयाचंही लक्षात ठेवा: २१ वर्षांच्या आतल्या मुलाच्या नावावर बंदूक घेता येत नाही. त्याचा सराव देखरेखीखाली, क्लबच्या जबाबदारीवर होतो. नव्या रेंजनं पहिली दोन-तीन वर्षं दहा मीटर एअरवरच काढावीत असं माझं स्पष्ट मत आहे. शिस्त तिथं बसली की पुढचं सोपं जातं.

भिंतीच्या मागे

तपासणीच्या पंधरा दिवस आधी, सरावाच्या वेळेलाच, तुम्ही स्वतः बाहेर जाऊन भिंतीच्या मागे अर्धा तास उभे राहा. कोण येतं, कोण जातं, पोरं कुठं खेळतात, म्हैस कुठं बांधलेली असते, हे बघा. मग भिंतीला हात लावून शोधा: खिडकी, झरोका, एक्झॉस्टचं भोक, पाइप गेलेली फट, मंगलोरी कौलाखालची पोकळी. जे काही उघडं असेल ते विटा-सिमेंटनं बंद. प्लायवूड चालत नाही. पत्रा तर अजिबात नाही.

आजूबाजूची दारंही बघा. टार्गेट आणि फायरिंग लाइन यांच्यामध्ये उघडणारं एकही दार असता कामा नये. असलं तर आतून कडी आणि वर कुलूप, किल्ली रेंज ऑफिसरच्या, म्हणजे त्या दिवशी हुकूम देणाऱ्या माणसाच्या, खिशात. शाळेत हे जास्त बघावं लागतं. पीटीचा चेंडू आत गेला म्हणून पाचवीतलं पोर धावत येतं, त्याला कसली लेन आणि कसलं काय.

बाहेर बोर्ड लावा, तो कन्नड, मराठी आणि इंग्रजी तिन्हीत. यात कुणी भाषेचा वाद घालू नये. बोर्ड भिंतीमागून जाणाऱ्या माणसासाठी आहे, आणि तो कुठली लिपी वाचतो हे आपल्याला माहीत नसतं. कन्नडात धोक्याला 'अपाय' म्हणतात, आपल्याकडेही तो शब्द कळतोच, म्हणून आमच्या बोर्डावर तो सगळ्यात मोठ्या अक्षरात आहे. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी लाल झेंडा. फायरिंग चालू असताना वर, संपलं की खाली. दिवसभर फडकत ठेवलेला झेंडा आठवड्यात कुणी बघेनासं होतं.

गोळी अडते तिथं

इथं सावकाश बघा. माझ्या हातून झालेली चूक इथलीच आहे.

गोळी अडवायला मी सुताराकडून सागवानी फळी बसवून घेतली होती. तिच्यापुढे टार्गेट, मागे भिंत. फळी जाड, मला वाटलं उत्तम. ती भिंतीला चार बोल्टांनी आवळलेली होती आणि एका बोल्टाचं डोकं फळीच्या बाहेर अर्धा इंच आलेलं. नववीतल्या एका मुलीची गोळी टार्गेटच्या बाहेर गेली, नेमकी त्या डोक्यावर बसली आणि उलटी फिरून फायरिंग लाइनच्या मागे बाकावर बसलेल्या तिच्या भावाच्या चष्म्यावर आली. काचेला चरा पडला. चष्मा नसता तर काय झालं असतं, हा विचार करून मी त्या रात्री झोपलो नाही. गोळी मी उचलून बघितली होती: एका बाजूनं चपटी, दुसऱ्या बाजूनं तशीच्या तशी, ज्वारीच्या दाण्याएवढी. एवढीशी गोष्ट.

कठीण लाकडावरून, ताठ रबरावरून आणि सरळ उभ्या लोखंडावरून शिशाची गोळी परत येते. म्हणून लोखंडी पत्रा तिरका पाहिजे, वरची कड नेमबाजाकडे झुकलेली, म्हणजे गोळी खाली वळते आणि खालच्या वाळूच्या ट्रेमध्ये पडते. पत्र्यावर वेल्डिंगचा गठ्ठा, स्क्रूचं डोकं, जोडाची कड, काहीच पुढे आलेलं नको. हाताचा तळवा पत्र्यावरून सगळीकडे फिरवा, अडखळला तर ती जागा ग्राइंडरनं सपाट करा. हा पत्रा आणि ट्रे ज्या पेटीत बसतो तिच्यामागे आणि दोन पेट्यांच्या मधल्या भिंतीवर जुन्या गोधड्यांचा किंवा जाड कापडाचा पडदा सैल सोडा. ताणून बांधलेला पडदा गोळी परत फेकतो, सैल पडदा तिचा जीव काढून घेतो. तपासणीला आलेल्या माणसासमोर मी पडदा हातानं हलवून दाखवतो आणि खाली पडलेल्या गोळ्याही दाखवतो.

वाळूचा ट्रे दर आठवड्याला चाळा. गोळ्या साठल्या की नवी गोळी जुन्या गोळीवर आपटते आणि उसळते.

आता शिशाबद्दल. आमच्या इथं एका पोरानं ट्रेमधल्या गोळ्या खिशात भरून नेल्या, घरच्या चुलीवर वितळवून मलप्रभेच्या काठावर गळाला वजन म्हणून लावायला. त्याच्या आईनं मला सांगितलं म्हणून कळलं. शिसं पोटात आणि छातीत जातं, लहान मुलांना आणि गरोदर बाईला त्याचा त्रास सगळ्यात जास्त, आणि तो लगेच दिसत नाही. म्हणून चाळलेल्या गोळ्या झाकणाच्या डब्यात, डब्यावर वजन आणि तारीख, किल्ली आपल्याकडे. रेंजवर केरसुणी चालवायची नाही. ओल्या फडक्यानं पुसायचं, फडकं वेगळ्या बादलीत. आत खाणं-पिणं नाही, शेंगदाणे नाहीत, चहा नाही. बाहेर पडताना प्रत्येकानं साबणानं हात धुवायचे. हॉलच्या दाराशी साबण आणि पाणी आहे का, हे तपासणी करणारे हल्ली बघतात, आणि बघायलाच पाहिजे.

बंद खोलीत ०.२२ चालवणार असाल तर हवेची दिशा फार महत्त्वाची. त्या काडतुसाच्या टोपीतही शिशाचं संयुग असतं, प्रत्येक बाराबरोबर धूर नेमबाजाच्या तोंडासमोर येतो. हवा नेमबाजाच्या पाठीकडून टार्गेटकडे वाहिली पाहिजे. मी फायरिंग लाइनवर उदबत्ती लावतो आणि धूर कुठं जातो ते बघतो. तोंडाकडे परत आला तर पंख्याची जागा चुकली.

लेन आणि फायरिंग लाइन

दहा मीटर म्हणजे दहा मीटर. टार्गेटच्या तोंडापासून फायरिंग लाइनच्या नेमबाजाकडच्या कडेपर्यंत मोजायचं, पाच सेंटिमीटर इकडेतिकडे चालतं. टार्गेटचा मध्य जमिनीपासून १४० सेंटिमीटर, तिथंही पाच सेंटिमीटरची सवलत. प्रत्येक नेमबाजाला किमान एक मीटर रुंदीची जागा. कापडी टेप ताणली की वाढते, लोखंडी वापरा, आणि प्रत्येक लेन वेगळी मोजा. आमच्या हॉलची भिंत जरा तिरपी आहे, पहिल्या आणि सहाव्या लेनमध्ये चार बोटांचा फरक निघाला होता.

टार्गेटवर १५०० लक्स उजेड लागतो. मोबाइलवरचं मीटर अंदाजाला ठीक, पण मोजणीच्या वहीत खऱ्या मीटरचा आकडा लिहा. कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये मीटर असतं, मागितलं की देतात. रायफलच्या टार्गेटवरचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. डोळ्यावर उजेडाची तिरीप आली तर पोर मान वाकडी करून नेम धरतं आणि ती सवय जन्मभर जात नाही.

उजेडावरून आठवलं. हेस्कॉमची लाइट जाते तेव्हा काय करायचं हे लिहून ठेवलंय का? पावसाळ्यात आमच्याकडे दिवसातून दोनदा जाते. भरलेली बंदूक हातात आणि हॉलमध्ये काळोख, हा प्रसंग तुम्ही डोळ्यासमोर आणा. आमचा नियम: लाइट गेली की कुणी सांगायची वाट न बघता बोट ट्रिगरवरून बाहेर, नळी टार्गेटकडे, जिथं उभे तिथं थांबायचं. फायरिंग लाइनवर बॅटरीचा दिवा आपोआप लागतो. मग रेंज ऑफिसर 'अनलोड' म्हणतो आणि एकेकाची नळी बघतो. महिन्यातून एकदा मी मुद्दाम मेन स्विच बंद करून हे करून घेतो. तपासणीच्या दिवशी सुद्धा केलं होतं. साहेब दचकले, पण पोरं हलली नाहीत.

हुकूम चारच: लोड, स्टार्ट, स्टॉप, अनलोड. स्पर्धेत हेच येतात म्हणून सरावातही हेच ठेवा, मराठी-कन्नड करत बसू नका. 'स्टॉप' मात्र कुणीही ओरडू शकतं, सगळ्यात लहान पोरानं सुद्धा. आणि ते ओरडल्याबद्दल त्याला कधी रागवायचं नाही, मग उगाच ओरडला असला तरी. प्रत्येक बंदुकीच्या नळीत नारिंगी सेफ्टी फ्लॅग, म्हणजे बंदूक रिकामी असल्याची खूण, पाहिजे. तो लाइनवर, हुकूम मिळाल्यावरच काढायचा आणि बंदूक खाली ठेवण्याआधी परत घालायचा. कुणीही टार्गेटकडे जायच्या आधी सगळ्या बंदुका टेबलावर, फ्लॅग आत, माणसं एक पाऊल मागे. सैन्यात आम्ही फायरनंतर एकेक जण मोठ्यानं सांगायचो की माझ्याकडे जिवंत राउंड किंवा खोका (उडालेल्या काडतुसाची रिकामी नळी) नाही. तेच मी पोरांकडून गोळ्यांसाठी म्हणवून घेतो. सुरुवातीला लाजतात, महिन्याभरात सवय होते.

एअर पिस्तुलाचा ट्रिगर ५०० ग्रॅम वजन उचलतो का, हे दर महिन्याला लटकतं वजन लावून बघा. स्पर्धेचा नियम आहे म्हणून तर बघायचंच. शिवाय झिजून हलका झालेला ट्रिगर बोट नुसतं टेकलं तरी सुटतो.

हवेचं सिलिंडर

फायरिंग लाइनवरची सगळ्यात धोकादायक वस्तू बंदूक नव्हे, तिच्या पोटातलं हवेचं सिलिंडर. त्यात २०० बार दाबाची हवा असते. मोटारसायकलच्या टायरात दोन-अडीच बार असते, यावरून समजा. बहुतेक सिलिंडरांचं आयुष्य दहा वर्षं, तारीख अंगावर कोरलेली असते. तारीख उलटली की ते बाजूला काढा, कितीही चकचकीत असलं तरी. जुन्या रायफली स्वस्तात मिळतात त्या याच कारणानं; घेताना आधी सिलिंडर फिरवून तारीख वाचा. भरायच्या मोठ्या टाकीवर हायड्रो टेस्टची (पाण्याच्या दाबानं केलेल्या चाचणीची) तारीख असते, तीही नोंदवहीत लिहा.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो. उद्यमबागेत किंवा कुठंही वेल्डिंगवाल्याकडे ऑक्सिजनचं नळकांडं असतं, त्यातून सिलिंडर भरून आणायचं नाही. दाबाखालचा ऑक्सिजन आणि बंदुकीतलं तेल-ग्रीस एकत्र आलं की स्फोट होतो. "हवा ती हवाच की" असं म्हणणारा माणूस मला भेटलाय, चांगला शिकलेला. मी त्याच्याकडून सिलिंडर काढून घेतलं.

उघड्यावरची रेंज असेल तर

०.२२ ची गोळी मोकळी सुटली तर दीड किलोमीटरच्या पुढे जाऊ शकते. त्यामुळे उघड्या रेंजला मागे मातीचा बांध लागतो, आणि बांधात दगड नको. आपल्या पश्चिम भागात, खानापूरपासून वर, माती तांबडी आणि तिच्यात जांभ्याचे खडे भरपूर. बांध घालताना लोक जेसीबीनं आहे ती माती ढकलतात. पहिल्या वर्षी वरवर छान दिसतो. जुलै-ऑगस्टचा पाऊस माती धुऊन नेतो आणि ऑक्टोबरमध्ये बांधाच्या तोंडावर खडे दात काढून उभे असतात. त्यांच्यावर बसलेली गोळी कुठल्या शेतात जाईल सांगता येत नाही. मी समोरचा अर्धा मीटर थर चाळलेल्या मातीचा घेतो, आणि पावसाळ्यानंतर फावडं घेऊन तोंडावरचे खडे एकेक वेचून काढतो. बाजूच्या उतारावर हरळी लावा, माती धरून ठेवते. तोंडावर लावू नका, खडे झाकले जातात.

शेतकऱ्याला विचारल्याशिवाय वेळ ठरवू नका. पेरणीच्या आणि सुगीच्या दिवसांत बांधाच्या मागे माणसं असतातच. सेंट्री, म्हणजे पहारेकरी, दोन, शिट्ट्या दोन, आणि दोघांना एकमेकांचा लाल झेंडा दिसला पाहिजे. दिसत नसेल तर तिसरा उभा करा. गोळी सुटली नाही तर नळी टार्गेटकडेच ठेवून अर्धा मिनिट थांबायचं, मग रायफलीचा बोल्ट (काडतूस भरायचा खटका) उघडायचा. कानाला मफ आणि डोळ्याला चष्मा लाइनवरच्या प्रत्येकाला, बघ्यालाही.

कागद

आता फाइल उघडा. मी पाच वह्या ठेवतो, जाड पुठ्ठ्याच्या, पानांना नंबर घातलेल्या. बंदुकांची: कंपनी, नंबर, बोअर, पावती. सिलिंडरांची. रोजच्या हजेरीची: नाव, वय, लेन, आल्या-गेल्याची वेळ, त्या दिवशीच्या रेंज ऑफिसरची सही. देखभालीची. आणि प्रसंगांची. या पाचव्या वहीत परत आलेली गोळी, चुकून सुटलेला बार, उघडं राहिलेलं दार, सगळं तारखेनिशी लिहितो, आणि त्यानंतर काय बदललं तेही. काही लोक मला म्हणाले, असलं लिहून स्वतःच्याच पायावर धोंडा कशाला मारून घेता? बोल्टाची गोष्ट त्या वहीत पहिल्याच पानावर आहे, खाली कापलेल्या बोल्टाचं डोकं चिकटपट्टीनं लावलंय. आलेला प्रत्येक अधिकारी ते पान वाचतो आणि मग उठून पत्रा बघायला जातो. माझी त्याला अजिबात हरकत नाही.

०.२२ असेल तर शस्त्रं आणि काडतुसं वेगवेगळ्या कुलुपात, किल्ल्या वेगवेगळ्या माणसांकडे. काडतुसांच्या साठ्याचा हिशोब रोज संध्याकाळी जुळवा: आली किती, उडाली किती, खोकी किती जमली, शिल्लक किती. एक कमी भरलं तरी त्याच रात्री शोधायचं, सकाळवर टाकायचं नाही. परवान्याची मुदत २०१९ च्या दुरुस्तीपासून पाच वर्षं झाली आहे. मुदत लांबली की विसरणंही वाढतं. तारीख किल्लीच्या कपाटावर आतून चिकटवा.

पत्रव्यवहार कन्नडात येतो. वाचता येत नाही म्हणून पत्र पडून ठेवू नका, उत्तराची मुदत त्यातच असते. शाळेत कन्नडचे सर असतात, त्यांच्याकडून त्याच दिवशी वाचून घ्या, मराठीत मागच्या बाजूला पेन्सिलीनं मतलब लिहून घ्या, आणि उत्तरही त्यांच्याकडूनच कन्नडात लिहून द्या. पोचपावतीचा शिक्का घेतल्याशिवाय टेबलावरून हलू नका.

तपासणीच्या दिवशी

सुट्टी देऊ नका. रोजची बॅच, रोजची वेळ. रिकामी रेंज बघून कुणाला काही कळत नाही. साहेबांना आधी भिंतीच्या मागे घेऊन जा, त्यांनी विचारायच्या आत. मग आत आणून चष्मा द्या, मग एक फेरी पूर्ण बघू द्या. प्रश्न पोरांना विचारला तर मध्ये बोलू नका. आमच्याकडे मागच्या वेळी सातवीतल्या मुलीला विचारलं, "तुझी बंदूक अडकली तर काय करशील?" ती म्हणाली, "नळी तिकडेच ठेवीन आणि हात वर करीन." दुसरा प्रश्न आलाच नाही.

त्रुटी सांगितल्या तर त्यांच्यासमोरच वहीत लिहा आणि खाली त्यांची सही मागा. सही करतात. ज्या त्रुटीत इजा होऊ शकते ती दुरुस्त होईपर्यंत ती लेन बंद, दोरी बांधून. बाकीच्यांना तारीख घाला. काम झालं की फोटो काढून पत्राबरोबर ठाण्यात द्या, त्यांनी मागायची वाट बघू नका.

आमच्या नळाचं पुढं काय झालं ते सांगायचं राहिलं. खिडकी बुजवल्यावर मी पीडीओंना भेटून नळ पंधरा पावलं बाजूला, शाळेच्या कोपऱ्याशी सरकवून घेतला. पाइपला आणि प्लंबरला लागलेले पैसे क्लबनं भरले. आता मृग लागायच्या आधी दर वर्षी मी त्या मागच्या भिंतीचा गिलावा ठोकून बघतो. ओल धरलेली वीट वाजते तेव्हा बद्द आवाज येतो. यंदा डाव्या कोपऱ्यात दोन विटा तशा निघाल्या. गवंडी रविवारी येतोय, तोवर पहिली लेन बंद आहे.